साबळे विरुद्ध सहस्राक्ष

साताऱ्यात त्या काळी वाहन माणसाला धडकत नसे. 'अपघात' हा शब्द शाळेच्या पुस्तकात देवी आणि पटकी या नामशेष झालेल्या रोगांच्या शेजारी जाऊन बसला होता, आणि मुले तो पाठ करीत असली तरी त्याचा अर्थ त्यांना पुराणातल्या अस्त्रांसारखा लांबचा वाटे. पोवई नाक्यावर चहूकडून गाड्या येत. एकीतही चालक नसे, कोठे सिग्नल नसे. तरीही एखादी म्हातारी भाजीची पिशवी सावरीत रस्त्याच्या मधोमध थांबली, की पाणी खडकाला वळसा घालते तशा त्या गाड्या तिच्या दोन्ही अंगांनी शांतपणे निघून जात. म्हातारीला मान वर करून पाहण्याचेही कारण पडत नसे.

म्हणूनच ऋजुता साबळे या मुलीने वाहनाच्या धडकेने झालेल्या दुखापतीबद्दल निष्काळजीपणाचा दावा लावला, तेव्हा असा दावा कोणत्या सदराखाली नोंदवावा हेच दिवाणी न्यायालयातल्या कारकुनांना कळेना.

हा चमत्कार कशाने घडला होता ते प्रथम सांगितले पाहिजे. गाड्यांना दृष्टी यंत्रांनी केव्हाच दिली होती. अडचण होती ती अवधानाची. यंत्राला रस्त्यावरचे मूल दिसे, मुलाच्या हातातला पतंग दिसे. परंतु पतंगाचा दोरा आता तुटला आहे आणि ते मूल कशाकडेही न पाहता धावत सुटणार आहे, हे त्याला कळत नसे. डोळ्यांपुढच्या शेकडो गोष्टींतून या क्षणी कोणती महत्त्वाची, हे निवडणारी मनाची जी शक्ती, तिला आपल्या पूर्वसूरींनी अवधान म्हटले आहे. ती यंत्रात काही केल्या उतरेना. डॉ. त्र्यंबक लोहोकरे या शास्त्रज्ञाने मग ती उतरविण्याचा नादच सोडला. जी शक्ती माणसांपाशी मुबलक आहे ती माणसांकडूनच उसनी का घेऊ नये, असे त्यांनी विचारले.

शेंगा सोलणारा, कपड्यांच्या घड्या घालणारा, रांगेत उभा असलेला माणूस आपले सगळे अवधान त्या कामात ओतीत नाही. थोडेसे पुरते. उरलेले रिकाम्या खोलीत विसरलेल्या दिव्यासारखे कुणाच्याही उपयोगी न पडता जळत राहते. या उरलेल्या अंशाला लोहोकऱ्यांनी 'शेषावधान' असे नाव दिले. कानामागे चिकटविण्याची बोटभर लांबीची पट्टी ते टिपून घेई. रस्त्यांवरची दृश्ये पापणी लवण्याहूनही थोड्या वेळात त्या माणसाच्या मनापुढून सरकत; त्याला त्याची जाणीवही होत नसे. दृश्यात काही धोक्याचे असले की मन आतल्या आत दचके, आणि तो दचका शेकडो मैलांवरच्या गाडीचा ब्रेक दाबी. पट्टीवर मोहरीएवढा हिरवा दिवा असे. शेषावधान वाहत आहे तोवर तो तेवत राही.

लाखो माणसांच्या अशा उसन्या नजरांचे जे जाळे विणले गेले, त्याचे नाव सहस्राक्ष. नाव देवराजाचे खरे. परंतु देवराजाला ते डोळे शापातून लाभले होते, याचे स्मरण नाव ठेवणाऱ्यांना राहिले नसावे. प्रत्येक प्रौढ माणसाने जागेपणी पट्टी लावलीच पाहिजे असा कायदा झाला, आणि लोकांनी तो मनापासून पाळला. कारण घरून निघालेली मुले धडधाकट घरी येऊ लागली होती.

ऋजुता मात्र आली नाही. ती खो-खोची खेळाडू. राज्याच्या संघाची कर्णधार म्हणून तिची निवड झाली, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, गल्लीच्या तोंडाशी फलक लागला. आणि त्याच आठवड्यात मैदानावरून घरी परतताना, ऐन दिवेलागणीच्या वेळी, घराच्या वळणावर एक गाडी थांबली नाही. उजव्या गुडघ्याचा चुरा झाला. डॉक्टरांनी तो कौशल्याने जुळवून दिला. चालता येईल, असे ते म्हणाले. आणि पळण्याविषयी विचारले तेव्हा खिडकीबाहेर पाहू लागले.

* * *

जाळे चालविणाऱ्या सहस्राक्ष मंडळाची कैफियत थोडक्यात अशी होती. गाडीत दोष नव्हता. जाळ्यात दोष नव्हता. त्या क्षणी अवधान कमी पडले हे मान्य. परंतु ते अवधान लाखो नागरिकांचे सामायिक होते, आणि लाखोंचा निष्काळजीपणा हा कायद्याच्या दृष्टीने कुणाचाच निष्काळजीपणा नव्हे.

या एका वाक्याभोवती दावा घाण्याच्या बैलासारखा फिरत राहिला. मंडळाचे वकील मुदत मागत. मुदत संपली की वकील बदलत, आणि नव्या वकिलांना अभ्यासासाठी पुन्हा मुदत लागे. वाहन खात्याने उत्तर पाठविले की चालक नसल्यामुळे हा विषय त्यांच्याकडे येत नाही. आरोग्य खात्याने उत्तर पाठविले की पट्टी हे वैद्यकीय उपकरण नव्हे. ऋजुता प्रत्येक तारखेला कुबडी टेकीत न्यायालयाच्या पायऱ्या चढे, बाकावर बसून आपले नाव पुकारण्याची वाट पाही, आणि पुढची तारीख घेऊन खाली उतरे. तिच्या ऐवजी दुसरी मुलगी कर्णधार झाली होती. तो सामना तिने रुग्णालयाच्या खोलीत पाहिला होता, आवाज बंद करून.

"आजोबांच्या काळी बरं होतं, मॅडम," न्यायालयाच्या उपाहारगृहात ती एकदा आपल्या वकील रुकय्या मुजावर यांना म्हणाली. "गाडीत ड्रायव्हर असायचा. धडकला की लोक त्याला कॉलर धरून खाली ओढायचे."

"आणि तो म्हणायचा, ब्रेक लागला नाही," मुजावर म्हणाल्या. वकिली करून त्यांचे केस पांढरे झाले होते, पण जीभ अजून काळ्या केसांची होती. "तेव्हाही कुणाचं काही चुकत नव्हतं, बाई. फक्त न चुकणाऱ्याला चेहरा होता."

"तोच पाहिजे मला. चेहरा. भरपाई नाही मिळाली तरी चालेल. एक माणूस पाहिजे, माझ्या पायाकडे बघून 'चुकलं माझं' म्हणणारा. त्या वेळी कुणीतरी दुसरीकडे बघितलंच ना? कोण ते? कुठं बघत होता?"

"अगं, दाव्यात पश्चात्ताप मागता येत नाही. तसं कलमच नाही."

"मग कशाला येतो आपण इथं?"

मुजावरांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांची नजर त्या मुलीच्या कुबडीवर गेली. पुढच्या तारखेला त्यांनी अर्ज केला: त्या क्षणी त्या वळणावर नेमके कुणाचे अवधान नेमलेले होते, ते जाळ्याने उघड करावे. मंडळाने प्राणपणाने विरोध केला. तो अर्ज चालायलाच एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला. अखेर न्यायाधीश श्रीमती कर्णिक यांनी तो मंजूर केला, आणि शोध घेण्यासाठी न्यायालयाचे तज्ज्ञ म्हणून नेमले निवृत्त डॉ. लोहोकरे यांना.

* * *

लोहोकरे वाईच्या अलीकडे नदीकाठी एका लहानशा घरात राहत. वादी आणि वकील यांना आपले शास्त्र आधी समजले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी भुईमुगाच्या शेंगांनी भरलेले सूप मुजावरांपुढे सरकविले.

"सोला."

"फी म्हणून?"

"सोला तर. आणि ऋजुताताई, तुम्ही यांच्या कानामागे बघा."

मुजावर शेंगा सोलू लागल्या. हिरवा दिवा निवांत तेवत होता. मग लोहोकऱ्यांनी त्यांच्या हाती सुई आणि दोरा दिला. मुजावरांनी चष्मा वर केला, दोऱ्याचे टोक ओठांत ओले केले, श्वास रोखला. दोरा नेढ्यातून जाण्याच्या त्या क्षणी दिवा विझला. दोरा ओवला गेला, त्यांनी सुस्कारा सोडला, आणि तो पुन्हा लागला.

"पाहिलंत? काम साधं असलं की अवधान उरतं. माणूस एखाद्या गोष्टीत बुडाला की काहीच उरत नाही. सगळी नजर तिथंच."

"मग तेवढा वेळ यांच्या वाट्याचा रस्ता कोण बघतं?" ऋजुताने विचारले.

"दुसरे. प्रत्येक वाटसरूवर अनेक नजरा असतात. एक मिटली तर दुसरी उघडी असते. जाळ्याची सगळी मातब्बरी त्यातच आहे."

"माझ्या वेळी सगळ्यांनी एकदम सुईत दोरा ओवला?"

लोहोकऱ्यांनी उत्तर देण्यापूर्वी टरफले गोळा केली. "मला माहीत नाही," ते म्हणाले.

"तुम्हीच केलंय ना हे सगळं?"

"बी मी लावलं, ताई. पुढं ते आपलं आपण वाढलं. कोणती मुळी कुठवर गेली, ते लावणाऱ्याला कुठं ठाऊक असतं?"

परतीच्या वाटेवर ऋजुता चडफडत होती. "बघा. ज्यानं केलं त्यालाही माहीत नाही. त्यालाही नाही!" मुजावरांच्या पदराला शेंगांचे लालसर फोलपट चिकटले होते, ते त्या उगीच झटकीत राहिल्या.

* * *

उत्तर सापडले तेव्हा लोहोकरे ते घेऊन न्यायालयात गेले नाहीत. ते साबळ्यांच्या घरी आले. ऋजुता व्यायामोपचारासाठी बाहेर गेली होती. घरी तिची आई होती. वत्सला साबळे या गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या हाताखालून गेलेले निम्मे शहर त्यांना बाई म्हणे. पतीच्या पश्चात त्यांनी मुलीला एकटीने वाढविले होते.

"ती येईलच एवढ्यात," त्या चहा गाळीत म्हणाल्या. "पण खरं सांगू का डॉक्टर, लवकर काय ते होऊ द्या. ती झोपत नाही, जेवत नाही. कुणाचं तरी नाव मिळेपर्यंत ती उठून उभी राहायची नाही. पायानं नव्हे, मनानं म्हणते मी."

"बाई," लोहोकरे म्हणाले, "मी आधी तुमच्याशीच बोलायला आलोय."

मग त्यांनी सांगितले. सहस्राक्षाने वर्षानुवर्षांच्या अनुभवातून स्वतःच एक गोष्ट शिकून घेतली होती. कुणी ती त्याला शिकविली नव्हती आणि कुणाला ती माहीतही नव्हती. अनोळखी माणसाची नजर बरी. ओळखीच्याची अधिक बरी. परंतु ज्याचा जीव त्या वाटसरूत गुंतला आहे, त्याच्या नजरेला तोड नाही. धोका घडण्याच्या आधीच ते मन दचकते. म्हणून जाळे रस्त्यावरच्या प्रत्येक माणसावर, त्याच्या नकळत, त्याच्याच जिवलगांची नजर लावीत आले होते. शाळेतल्या मुलांना त्यांचे आईबाप राखीत होते, म्हाताऱ्यांना मुली राखीत होत्या. नाक्यावरच्या त्या वळसा घालणाऱ्या गाड्यांमागे यंत्रापेक्षा हेच अधिक होते.

वत्सलाबाई ऐकत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले. "किती चांगलं आहे हो हे," त्या म्हणाल्या. "म्हणजे ऋजू लहानपणापासून रस्त्यानं जायची, तेव्हा..."

"तेव्हा तुम्हीच तिच्याबरोबर असायचात."

"आणि मी इथं बसून मेली काळजी करत असे."

"तुमची नजर कधीच चुकली नाही, बाई. इतकी अचूक, की जाळ्यानं हळूहळू बाकीच्या नजरा तिच्यावरून काढून घेतल्या. जिथं कुणी नव्हतं तिथं पाठवल्या. ऋजुतावर तुम्ही एकट्या पुरेशा आहात, असं त्यानं मानलं." लोहोकरे थांबले. पुढचे वाक्य त्यांनी वाटेत अनेक तऱ्हांनी जुळवून पाहिले होते, आणि कोणतीच तऱ्हा उपयोगी पडत नव्हती. "त्या दिवशी दिवेलागणीला तुम्ही काय करत होतात?"

वत्सलाबाईंच्या हातातली गाळणी तशीच राहिली. कानामागचा हिरवा दिवा विझला. तो बराच वेळ लागला नाही.

"हे मी न्यायालयात सांगणार नाही," लोहोकरे म्हणाले. "शोध लागला नाही, असं लिहून देतो. या वयात एक खोटं मला पेलेल."

"नाही." त्या गाळणी खाली ठेवून त्यांच्यासमोर बसल्या. आयुष्यभर ज्या आवाजात त्यांनी मुलांना उदाहरण पुन्हा सोडवायला लावले, तो आवाज त्यांनी काढला. "ती खोट्यावर नाही उभी राहणार. तुम्ही सांगायचं. मी पिंजऱ्यात येईन. तिला चेहरा हवाय ना? मिळू दे. मुलीला आईवर रागावता येतं, डॉक्टर. लाखो लोकांवर नाही रागावता येत."

* * *

त्या दिवशी न्यायालयात उभे राहायला जागा नव्हती. लोहोकऱ्यांची साक्ष होईपर्यंत दुपार झाली. जिवलगांच्या नजरांची गोष्ट ऐकताना सभागृहात कुजबुज उठली. कुणी डोळे पुसले, कुणी कानामागे हात नेला. त्यानंतर त्यांनी नाव सांगितले. ऋजुताला ते प्रथम ऐकूच आले नाही. दोन वर्षे तिने जो चेहरा शोधला होता, तो एका अनोळखी माणसाचा होता. तिने त्याला मिशाही दिल्या होत्या.

वत्सलाबाई पिंजऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. मंडळाचे वकील उठले.

"बाई, त्या संध्याकाळी तुम्ही पट्टी काढली होतीत?"

"नाही."

"मग दिवा का विझला?"

"मन एकाच ठिकाणी गेलं म्हणून."

"कुठे?"

"तिच्यापाशी."

"काय करत होतात?"

वत्सलाबाईंनी न्यायाधीशांकडे पाहिले, मग खाली. "दृष्ट काढत होते. तिच्या खेळाच्या जर्सीवरून मीठ-मोहऱ्या उतरत होते."

मागच्या बाकांवर कुणीतरी फसकन हसले.

"आपण गणित शिकवलंत ना?"

"जन्मभर. आणि तिला या गोष्टींचा तिटकारा आहे, तेही मला ठाऊक होतं. म्हणून ती घरी यायच्या आत उरकून घेत होते. पेपरात फोटो आला, गल्लीच्या तोंडाशी फलक लागला, जो तो तिच्याकडे बघायला लागला. मला भीती वाटली. दृष्ट काढताना बोलायचं नसतं, मागं वळून बघायचं नसतं, दुसरा विचार मनात आणायचा नसतो. माझ्या आईनं असंच शिकवलं. मी नाही आणला दुसरा विचार. जर्सी डोळ्यांपुढं होती आणि मनात एवढंच होतं, की हिला काही होऊ नये."

आता कुणी हसले नाही.

"म्हणजे," वकील सावकाश म्हणाले, "नियमावलीप्रमाणे शेषावधान अखंड ठेवण्याची जी जबाबदारी दात्यावर असते, ती आपण त्या क्षणी पाळली नाही. आणि ते कृत्य आपण जाणूनबुजून केलंत."

मुजावर ताडकन उठल्या. "न्यायाधीश महोदया, एका माणसाच्या भरवशावर बाकीच्या नजरा काढून घेतल्या त्या जाळ्यानं! ही हलगर्जी कुणाची? या बाईंची?"

"जाळ्यानं काटकसर केली," वकील म्हणाले. "शहरात शेषावधान मोजकं आहे. जिथं उत्तम पहारा आहे तिथं दुसरा ठेवणं म्हणजे कुठेतरी एखादं मूल उघडं टाकणं. विद्वान भगिनींनी ते मूल निवडून द्यावं."

"मी दावा मागे घेते!" ऋजुता उभी राहिली होती. कुबडी फरशीवर आपटली. "मला नको हा दावा. बंद करा हे!"

"साक्ष सुरू आहे," न्यायाधीश म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजातही थकवा होता. "खाली बसा."

वत्सलाबाई पिंजऱ्यातूनच मुलीकडे वळल्या. त्यांनी तिच्या गुडघ्याकडे पाहिले, आणि साऱ्या न्यायालयाला ऐकू जाईल अशा स्पष्ट शब्दांत त्या म्हणाल्या, "चुकलं माझं, ऋजू."

ज्या वाक्यासाठी ती इतक्या वेळा त्या पायऱ्या चढली होती, ते वाक्य अखेर आले. परंतु ते ठेवायला तिच्यापाशी कोठे जागा नव्हती.

* * *

निकालपत्र मोठे होते आणि जिव्हाळ्याने लिहिले होते. न्यायाधीश कर्णिक यांनी त्यात म्हटले, की लक्ष नसणे म्हणजे निष्काळजीपणा, अशी कायद्याची आजवरची समजूत. या प्रकरणात लक्ष नव्हते असे म्हणता येणार नाही. ते जितके असू शकते तितके होते. परंतु रस्ता सर्वांचा आहे, आणि कायदा त्या सर्वांच्या वतीने माणसाकडे जे मागतो, ते एका व्यक्तीला पूर्णपणे देऊन टाकण्याची मुभा दात्याला नाही. सबब मंडळाविरुद्धचा दावा फेटाळण्यात येत आहे. वादीची इच्छा असल्यास आईविरुद्ध स्वतंत्र दावा लावण्यास तिला मोकळीक राहील.

मुजावरांनी ते वाचून झाल्यावर चष्मा काढला आणि त्या कोपऱ्यातल्या बाकावर बसून राहिल्या. अपील केले गेले. ते अजून चालू आहे.

मंडळाने मात्र त्वरा केली. नव्या पट्टीत एक सुधारणा होती. माणूस कोणत्याही एका गोष्टीत बुडू लागला, शेषावधान आटू लागले, की कानामागे हलकेच टोचे. मुंगी चावल्यासारखे, अधिक नाही. या सुधारणेला 'सावधान' असे नाव देण्यात आले. लोहोकऱ्यांनी विरोधाची पत्रे लिहिली. एका माणसावर निदान दोन नजरा तरी ठेवा, माणसांना टोचू नका, असे ते सांगत राहिले. त्यांना नम्र उत्तरे आली.

त्यानंतर साताऱ्यात पुन्हा कुणाला गाडी धडकली नाही. गाण्याच्या बैठकीत समेवर येता येता श्रोत्यांचे हात कानामागे जाऊ लागले. देवळात गाभाऱ्यापुढे डोळे मिटलेली माणसे दचकून डोळे उघडू लागली. आजी गोष्ट रंगात आली की मध्येच थांबतात, अशी तक्रार मुले करीत. नवविवाहित एकमेकांकडे फार वेळ पाहीनासे झाले. काही वर्षांनी टोचण्याचीही गरज उरली नाही. टोचण्याच्या अलीकडे थांबण्याची सवय मनांना जडली. आणि सवय जडल्यावर, पूर्वी आपण त्या रेषेच्या पलीकडे जात होतो, हे कुणाच्या ध्यानातही राहिले नाही.

ऋजुताच्या ध्यानात राहिले. तिने आईविरुद्ध दावा लावला नाही. ती मुलींना खो-खो शिकवू लागली. पट्टी सोडून मैदानात उतरायला मुभा होती, एवढाच काय तो खेळाचा मान राखला गेला होता. एका संध्याकाळी मुली घरी गेल्यावर तिने आईला मैदानावर बोलावले. वत्सलाबाई आल्या आणि कडेच्या पायरीवर बसल्या.

"बघ हं," ऋजुता म्हणाली.

ती एका खांबाला धरून उभी राहिली. मग तिने खांब सोडला, आणि ती धावली. डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहून जे सांगितले नव्हते, ते तिने गुपचूप, पडत-उठत, रडत मिळविले होते. उजवा पाय किंचित ओढत होता. तरी ते धावणेच होते. दुसऱ्या खांबाला तिने हात लावला, वळली, आणि धापा टाकीत आईकडे आली.

"बघितलंस?"

"बघितलं की. छान पळालीस." वत्सलाबाई हसल्या. त्यांनी टाळ्याही वाजविल्या.

ऋजुता त्यांच्या कानामागे पाहत होती. हिरवा दिवा जराही न थरथरता तेवत होता.

"आई," ती म्हणाली, "एकदा विझू दे ना तो. एकदाच. मी पुन्हा पळते."

वत्सलाबाईंनी तिच्या कपाळावरचा घाम पदराने टिपला. त्यांचा हात मायेचा होता, डोळे तिच्याकडेच होते. आणि तरी त्या डोळ्यांमागे कोठेतरी, घराकडचे ते वळण त्या पाहत होत्या.

"नको गं," त्या म्हणाल्या. "तुला अजून घरी यायचंय."